पुलाखाली कोण पाहतं? नदीतळाची खरवड आणि पुलांच्या तपासणीचा इतिहास

आज आपल्याला पुलांबद्दल बोलायचं आहे, पण पुलाच्या कमानी, त्याची लांबी-रुंदी, उद्घाटन कुणी केलं, या गोष्टींबद्दल नाही. आपल्याला पाहायचा आहे तो पुलाचा न दिसणारा भाग. म्हणजे खांब पाण्यात शिरतो तिथून खाली काय असतं, नदी त्याचं काय करते, आणि ते पाहण्याचं काम माणसांनी कधी, कसं आणि किती प्रामाणिकपणे केलं, याचा इतिहास.

सुरुवात महाडपासून करू. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. सावित्री नदीला पूर आलेला. मुंबई-गोवा महामार्गावर तिथे दोन पूल शेजारी शेजारी होते. एक अलीकडचा, आणि एक १९२८ सालचा, दगडी कमानींचा. त्या रात्री जुना पूल वाहून गेला. अंधार, पाऊस, आणि समोरचा रस्ताच नाहीसा झालेला. दोन एसटी बस आणि एक खासगी गाडी माणसांसकट नदीत गेल्या. पुलाजवळच्या कुणाच्या तरी ते लक्षात आलं म्हणून पुढच्या गाड्या थांबल्या. नाहीतर आणखी किती गेल्या असत्या, कल्पना करवत नाही. त्यानंतर कित्येक दिवस नौदल, तटरक्षक दल आणि एनडीआरएफची पथकं नदीत शोध घेत होती. गढूळ पाण्यात बस सापडेना, तेव्हा तीनशे किलोचं लोहचुंबक क्रेनला बांधून पाण्यात सोडलं होतं, हे आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल.

नंतर विधिमंडळात निवेदन झालं. त्यात एक वाक्य होतं, ज्याच्यासाठी आपण आज इथे जमलो आहोत असं म्हटलं तरी चालेल. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची तपासणी झाली होती आणि तो धोकादायक असल्याचं आढळलं नव्हतं.

आता यावर पहिली प्रतिक्रिया अशी होते की तपासणी खोटी असणार, कागदावर केलेली असणार. आपल्याकडे तसं वाटणं साहजिक आहे. पण क्षणभर असं धरून चालू की तपासणी खरी होती. अधिकारी खरंच गेले, पुलावरून चालले, खाली उतरले, दगड पाहिले, सांधे पाहिले, आणि काही वावगं दिसलं नाही म्हणून तसं लिहिलं. तरीही पूल जाऊ शकतो का? इतिहास सांगतो की जाऊ शकतो. आणि तीच जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. पूर दगडी पुलाला अनेक बाजूंनी घेरतो. पाणी कमानीपर्यंत चढलं की पूल बांधासारखा पाणी अडवू लागतो, आणि वाहून आलेली झाडं त्याला धडका देतात. वर्षानुवर्षं सांध्यांतला चुना झिजतो, त्यात वड-पिंपळाची मुळं शिरतात. आणि तिसरं म्हणजे पायाखालची जमीन निघून जाते. सावित्रीच्या पुलाबाबत फक्त तिसरंच झालं असा आमचा दावा नाही. पण पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात, तिसरी दिसत नाही. म्हणून आज तिच्याबद्दल.

इंजिनियर मंडळी याला 'स्कावर' म्हणतात. आपण खरवड म्हणू. पातेल्याच्या बुडाला लागलेलं आपण उलथन्यानं खरवडतो, तशी नदी आपला तळ खरवडते. समुद्रकिनारी लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकते आणि टाचा खाली जातात, हा अनुभव सगळ्यांचा आहे. तुम्ही हलला नाहीत, वाळू हलली. पुलाच्या खांबाचं तेच होतं.

खांब प्रवाहात उभा असतो. पाणी त्याच्यावर आपटतं, आणि बाजूनं निघून जाण्याआधी त्यातलं काही खाली बुडी मारतं. तळाशी पोचल्यावर त्याचा भोवरा होतो, आणि तो खांबाच्या दोन्ही बाजूंनी घोड्याच्या नालासारखा वळसा घालतो. हा भोवरा वाळू उपसत राहतो. खांबाच्या तोंडाशी खड्डा पडतो. त्यात भर म्हणजे पूल बांधताना दोन्ही बाजूंनी भराव टाकून आपण नदीचं पात्र अरुंद केलेलं असतं, त्यामुळे पाण्याचा वेग वाढतो. आणि वेग वाढला की काय होतं, याचा एक जुना नियम आहे. प्रवाह जितक्या वजनाचा दगड हलवू शकतो, ते वजन वेगाच्या सहाव्या घातात वाढतं. म्हणजे वेग दुप्पट झाला, तर हलणारा दगड चौसष्ट पट जड असू शकतो. उन्हाळ्यात ज्या दगडावर बसून आपण पाय धुतो, तो पुरात गोटीसारखा घरंगळत जातो तो असा.

आता तपासणीच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. हा खड्डा सगळ्यात खोल असतो तो पूर ऐन भरात असताना. पूर ओसरू लागला की वेग कमी होतो, आणि वरून येणारी वाळू त्याच खड्ड्यात बसते. जानेवारीत जाऊन पाहाल तर तळ सपाट. जणू काही झालंच नाही. ती नव्यानं बसलेली वाळू मऊ असते, पुढच्या पुरात ती सगळ्यात आधी निघून जाते. गुन्हा घडून गेल्यावर जागा सारवून ठेवावी तसं नदी करते. म्हणून मे महिन्यात कोरड्या पात्रात उभं राहून पूल 'ठीक' दिसणं, आणि ऑगस्टमध्ये तो उभा राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे ज्ञान आलं कुठून? इथे आपल्याला उत्तर हिंदुस्थानात जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंजाब आणि गंगेच्या खोऱ्यात रेल्वे पोचली. विलायतेतून आलेल्या इंजिनियरांना अशा नद्यांची सवय नव्हती. तिकडे खाली खडक किंवा घट्ट माती. इथे शेकडो फूट खोल नुसती वाळू, आणि दर पावसाळ्यात कूस बदलणारं पात्र. पाया कशावर टेकवायचा? उत्तर इथल्याच कारागिरांकडे होतं. विटांची विहीर बांधायची, आतली माती उपसत जायची, आणि स्वतःच्या वजनानं ती खाली खाली उतरवायची. वाळवंटी जमिनीत विहीर खणणाऱ्यांची ही जुनी विद्या. तिचाच पुढे 'विहीर पाया' झाला, आणि आजही आपल्याकडच्या मोठ्या नद्यांवरचे असंख्य पूल त्याच्यावर उभे आहेत.

पण विहीर किती खोल न्यायची? आणि नदी पुलाला वळसा घालून दुसरीकडूनच गेली तर? या दुसऱ्या प्रश्नावर जे. आर. बेल नावाच्या इंजिनियरानं एक तोडगा काढला. पुलाच्या दोन्ही बाजूंना, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, मातीचे लांब बांध घालायचे, त्यांवर दगडी पिचिंग करायचं, आणि त्या दोन बांधांमधून नदीला पुलाखाली आणायचं. लोक त्यांना 'बेल्स बंड' म्हणू लागले. १९०३ मध्ये फ्रान्सिस स्प्रिंग यांनी या पद्धतीवर सविस्तर टिपण लिहिलं, आणि रेल्वेच्या इंजिनियरांसाठी ते बरीच वर्षं हाताशी ठेवायचं पुस्तक होतं. हेच स्प्रिंग पुढे मद्रास पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या हाताखाली १९१२ मध्ये एक कारकून लागला. त्याचं नाव श्रीनिवास रामानुजन. इतिहासात माणसं कुठे भेटतील सांगता येत नाही.

या बांधांच्या पायथ्याशी एक फार शहाणपणाची गोष्ट असे. नदीच्या तळावर, बांधाच्या पुढे, दगडांचा जाड थर अंथरून ठेवत. त्याला 'एप्रन' म्हणतात. हा थर जागेवर टिकावा म्हणून नसतो, कोसळावा म्हणून असतो. नदी पुढे खड्डा करू लागली की काठावरचे दगड घसरून खड्ड्याच्या उतारावर बसतात आणि उताराला चिलखत घालतात. खड्डा बांधाकडे सरकत नाही. म्हणजे हे संरक्षण मोडूनच काम करतं. आता यातून तपासणीचा नियम आपोआप निघतो. एप्रन एकदा वापरला गेला की तो संपला. किती दगड गेले ते मोजायचं, आणि तितके पुन्हा भरायचे. म्हणून रेल्वेनं अशा पुलांजवळ राखीव दगडांचे ढीग रचून ठेवण्याची पद्धत ठेवली. पूर आला, बांध खचू लागला, तर त्या क्षणी दगड मागवायला वेळ नसतो.

या पद्धतीची मोठी परीक्षा झाली ती हार्डिंज पुलावर. आज तो बांगलादेशात आहे, पाक्शीजवळ, पद्मा नदीवर. रॉबर्ट गेल्स यांनी तो बांधला आणि ४ मार्च १९१५ रोजी व्हाइसरॉय हार्डिंज यांच्या हस्ते खुला झाला. ३४५ फुटांचे पंधरा गाळे, आणि नदीच्या नीचतम पातळीखाली दीडशे फुटांहून खोल गेलेल्या विहिरी. त्या काळी इतका खोल पाया क्वचितच कुणी घातला असेल. दोन्ही काठांना भक्कम बांध. सगळं पुस्तकाप्रमाणे. आणि तरी १९३३ च्या पावसाळ्याच्या अखेरीस नदीनं उजव्या बाजूच्या बांधाला भगदाड पाडलं. पूल उभा राहिला, पण नदी त्याच्या बगलेत शिरली होती. दुरुस्तीचं काम पुढे काही वर्षं चाललं.

आणि इथे ही गोष्ट पुण्याला येते. मुंबई इलाख्याच्या सरकारनं १९१६ मध्ये सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला होता. तोच वाढत वाढत खडकवासल्याचं संशोधन केंद्र झाला, ज्याला आज आपण सीडब्ल्यूपीआरएस म्हणून ओळखतो. सिंहगडावर जाताना उजव्या-डाव्या हाताला त्याच्या भिंती दिसतात, आणि आत काय चालतं याचा फारसा विचार कुणी करत नाही. तिथे क्लॉड इंग्लिस नावाचे गृहस्थ नद्यांच्या छोट्या प्रतिकृती करत. उघड्या मैदानात पात्र आखायचं, वाळू पसरायची, मोजून पाणी सोडायचं, आणि नदी काय करते ते बघत बसायचं. पद्मेवरच्या त्या हार्डिंज पुलाचा अभ्यास अशाच प्रतिकृतीवर खडकवासल्याला झाला. तिकडची अक्राळविक्राळ नदी इथे, मुठेच्या काठी, गुडघाभर पाण्यात वाहिली.

त्याच सुमाराला संयुक्त प्रांतातले कालव्यांचे इंजिनियर जेराल्ड लेसी यांनी १९३० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. गाळाच्या जमिनीतला कालवा स्वतःची रुंदी आणि खोली कशी ठरवतो, याचं गणित त्यात होतं. पाणी किती आणि गाळ किती बारीक, एवढं कळलं तर वाहतं पात्र किती खोल जाईल ते काढता येतं. हे कालव्यांसाठी होतं, पण पूर आलेली नदीही शेवटी गाळातूनच वाहते. इंग्लिस यांनी उत्तर भारतातल्या मोठ्या पुलांवर प्रत्यक्ष मोजलेली खोली घेतली, लेसींच्या आकड्याशी ताडून पाहिली, आणि असं आढळलं की खांबाशी पडणारा खड्डा लेसींच्या खोलीच्या साधारण दुप्पट असतो.

ही 'दुप्पट' लक्षात ठेवा. कारण इंडियन रोड्स काँग्रेसच्या पायाविषयक संहितेत ती अजून आहे. खांबासाठी सरासरी खरवडीच्या दोन पट, कडेच्या आधारासाठी १.२७ पट, आणि विहीर पाया असेल तर त्याच्याही खाली एक तृतीयांश इतकी पकड. म्हणजे हिशेबानं सरासरी खोली नऊ मीटर आली, तर खांबाशी अठरा, आणि विहिरीचं बूड पूररेषेपासून चोवीस मीटर खाली. गंगा-सिंधूच्या वाळूत शिकलेला धडा, पुण्यात ताडून पाहिलेला, आणि देशभर लागू झालेला.

पण नियम झाला तो नव्या पुलांसाठी. आधी बांधलेल्यांचं काय? आणि हे गणित गाळाच्या सपाट नद्यांचं. आपल्या कोकणातल्या नद्या वेगळ्या आहेत. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरायचं आणि थोडक्या अंतरात समुद्र गाठायचा. वर महाबळेश्वरला धो धो पाऊस, खाली महाडपाशी भरतीचं पाणी आडवं. काही तासांत नदी फुगते आणि काही तासांत उतरते. तळाशी कुठे खडक, कुठे गोटे, कुठे गाळ. तिथे एका सूत्रावर विसंबून चालत नाही. प्रत्येक पुलाचा पाया नेमका कशावर टेकला आहे, हे माहीत असावंच लागतं. आणि जुन्या पुलांच्या बाबतीत तो मूळ नकाशा हाताशी असेलच असं नाही.

आता परदेशातल्या तीन-चार घटना थोडक्यात सांगतो. थोडक्यात अशासाठी की पूल वेगळे, नद्या वेगळ्या, पण चूक ओळखीची वाटेल.

न्यूयॉर्क राज्यात शोहारी क्रीक नावाची नदी आहे. तिच्यावरचा महामार्गाचा पूल १९५४ मध्ये खुला झाला. पाया उथळ, कठीण मातीत बसवलेला, आणि खांबांभोवती संरक्षणासाठी दगडांचा भराव. दुसऱ्याच वर्षी मोठा पूर आला, पूल टिकला. लोकांना वाटलं, पास झाला. प्रत्यक्षात त्या पुरानं आणि नंतरच्या पुरांनी दगड हळूहळू काढून नेले होते, आणि ते पुरेसे परत भरले गेले नाहीत. पुलाची तपासणी नियमित होत होती. पण ती पाण्याच्या वरची. पायाची पाण्याखालून तपासणी एकदाही झाली नव्हती. ५ एप्रिल १९८७ च्या सकाळी एक खांब आपल्याच खड्ड्यात बसला, दोन गाळे कोसळले, पाच वाहनं गेली, दहा माणसं मेली.

याच्यापुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. त्याच नदीवर, वरच्या अंगाला पाचेक किलोमीटरवर दुसरा एक पूल होता. पायाची माती गेली असावी अशी शंका आली म्हणून तो आधीच बंद करून ठेवला होता. सहा दिवसांनी त्याचाही मोठा भाग कोसळला. एकही माणूस दगावला नाही. तीच नदी, तोच पूर. फरक होता तो कुणीतरी शंका घेतली आणि रस्ता अडवला, एवढाच. ज्यानं तो पूल बंद केला त्याला त्या सहा दिवसांत लोकांनी किती नावं ठेवली असतील, याची कल्पना आपण करू शकतो. पूल बंद करणाऱ्याचं कौतुक कुणी करत नाही. कारण वाचलेली माणसं मोजता येत नाहीत.

त्याच वर्षी, १९ ऑक्टोबरला, वेल्समध्ये ग्लॅनरिड इथे टोवी नदीवरचा रेल्वे पूल पुरात गेला आणि पहाटेची गाडी नदीत पडली. चार जणांचा जीव गेला. मार्ग सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी रेल्वेचे कर्मचारी त्याच गाडीत बसले होते. म्हणजे तपासणीसाठी गाडी पुलावर नेली, आणि पूल नव्हता. यानंतर अमेरिकेत पाण्याखालच्या तपासणीची सक्ती झाली आणि प्रत्येक पुलाचा खरवडीच्या दृष्टीनं विचार करण्याची पद्धत आली.

आयर्लंडमध्ये डब्लिनच्या उत्तरेला मालाहाइडची खाडी आहे. तिच्यावरून १८४४ पासून रेल्वे जाते. खांब दगडांच्या एका लांब बंधाऱ्यावर उभे. भरती-ओहोटीचं पाणी त्या बंधाऱ्यावरून सतत दगड ढकलतं, म्हणून रेल्वेची माणसं पिढ्यान् पिढ्या त्यावर नवे दगड टाकत आली. हे कुठे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नव्हतं, काम करणाऱ्यांना माहीत होतं. माणसं निवृत्त झाली, विभाग बदलले, आणि ती माहिती गळून पडली. ऑगस्ट २००९ मध्ये खाडीत होड्या वल्हवणाऱ्या मंडळींना पाणी वेगळं वाहताना दिसलं, त्यांनी कळवलं. एक इंजिनियर येऊन पाहून गेला. त्यानं खांबाला तडे आहेत का ते पाहिलं, नव्हते. तडे नव्हतेच, खांबाखालचा बंधारा निघाला होता. तीन दिवसांनी, २१ ऑगस्टला, खांब गेला. गाडीच्या चालकानं पुलावरून जाताना ते पाहिलं आणि पुढे जाऊन धोक्याचा इशारा दिला, म्हणून कुणी मेलं नाही.

आणि पोर्तुगाल. दोरू नदीवरचा हिन्त्झ रिबेरू पूल, १८८७ चा. नदीतून अनेक दशकं वाळू उपसली जात होती. १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी पाहणी करून खांबाच्या पायाशी काय चाललं आहे ते सांगितलं होतं. म्हणजे इथे पाहिलं गेलं होतं, योग्य ठिकाणी पाहिलं गेलं होतं, आणि लिहूनही ठेवलं होतं. फाइल पुढे सरकली नाही. ४ मार्च २००१ च्या रात्री पूल पडला. एक बस आणि तीन मोटारी, एकोणसाठ माणसं. संबंधित मंत्र्यांनी लगेच राजीनामा दिला.

बघा, एका ठिकाणी पाण्याखाली पाहिलंच नाही. दुसऱ्या ठिकाणी पाहिलं, पण भलतीकडे. तिसऱ्या ठिकाणी नीट पाहिलं, पण केलं काही नाही. सावित्रीच्या पुलाचा विचार करताना, आणि आपल्या प्रत्येक जुन्या पुलाचा विचार करताना, हे तीनही प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत. 'तपासणी झाली होती का' हा एकच प्रश्न पुरत नाही.

वाळूचा उल्लेख आला म्हणून एक थांबा घेऊ. वाळू उपसली की नदीचा तळ सगळीकडेच खाली जातो. खांबाची उंची तेवढीच राहते, पण जमिनीत रोवलेला भाग कमी होतो. विहिरीचा जो गोल भाग कधीच दिसायला नको, तो उन्हाळ्यात उघडा दिसू लागतो. आपल्याकडे गावोगावी लोक तो पाहतात, त्याच्या सावलीत म्हशी बसतात, पोरं त्यावरून उड्या मारतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. वाळू उपशावर बंधनं आहेत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लहान क्षेत्रातल्या उपशालाही पर्यावरण परवानगी लागेल असं सांगितलं. पण रात्री चालणारे डंपर आपल्याला माहीत आहेत. पुलाच्या खांबाशी उपसलेली प्रत्येक ब्रास वाळू म्हणजे पायातून काढलेली वीट आहे, एवढं जरी सगळ्यांना कळलं तरी पुष्कळ.

आपल्या देशात तपासणीची परंपरा नाही असं मात्र नाही. रेल्वेनं ती फार आधी बसवली. पावसाळ्यापूर्वी एकदा, पावसाळा संपल्यावर एकदा पुलांची पाहणी. पुलाच्या नोंदवहीत प्रत्येक वर्षाची नोंद. खांबावर रंगवलेली धोक्याची पातळी आणि आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची खूण. पावसाळ्यात रात्रभर कंदील घेऊन गस्त घालणारे गँगमन. ही साधी माणसं आपल्या इतिहासात कुठे येत नाहीत, पण पाणी धोक्याच्या खुणेवर चढलं की गाडी थांबवण्याचं काम त्यांचं. आज कोकण रेल्वेनं काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरच्या पुलांना पाण्याची पातळी वाढताच इशारा देणारी यंत्रणा बसवली आहे. सावित्रीवर, बरं का. रस्त्याचा पूल गेला ती हीच नदी.

रस्त्यांच्या पुलांसाठीही इंडियन रोड्स काँग्रेसची तपासणीची मार्गदर्शिका आहे, १९९० ची आणि नंतर सुधारलेली. महाडनंतर दोनच महिन्यांत, ऑक्टोबर २०१६ मध्ये, देशभरातल्या पुलांची एकत्र नोंद ठेवणारी प्रणाली केंद्र सरकारनं सुरू केली. सावित्रीवरचा नवा पूल जून २०१७ मध्ये, वर्षाच्या आत, खुला झाला. म्हणजे मनावर घेतलं तर काम होतं.

मग खरी तपासणी कशी असते? यंत्रं आहेत. ध्वनिलहरी सोडून तळाची खोली मोजणारी सोनार आहे, पाणबुडे आहेत, खांबाला कायमचे बसवायचे मापक आहेत. पण मूळ कल्पना फार साधी आहे. पुलाच्या कठड्यावरून वजन बांधलेली दोरी सोडायची आणि तळ किती खाली आहे ते मोजायचं. दर वर्षी त्याच ठिकाणी, प्रत्येक खांबाच्या दोन्ही अंगांना. आकडे एकाखाली एक लिहायचे. एका आकड्याला काही अर्थ नसतो. दहा वर्षांचे आकडे एकाखाली एक ठेवले की नदी बोलू लागते. या खांबाशी तळ दर वर्षी थोडा थोडा खाली चालला आहे, हे त्यातून कळतं. शिवाय दगडी पिचिंग कुठे खचलं, एप्रनचे दगड किती उरले, खालच्या अंगाची कर्टन वॉल उघडी पडली का, प्रवाह पूर्वी मधल्या गाळ्यातून जायचा तो आता कडेच्या गाळ्यावर आपटतो का, खांबाशी ओंडके अडकलेत का, कठड्याची रेघ एका जागी किंचित वाकली आहे का. आणि पुरात, काठावर सुरक्षित उभं राहून, पाणी कुठे उसळतं आहे ते पाहणं. नदी काय करते हे पावसाळ्यातच कळतं, तर निदान एकदा तरी पावसाळ्यात पाहायला नको का?

यातलं शेवटचं काम गावातली माणसंही करू शकतात, आणि करतातही. मालाहाइडला पहिल्यांदा लक्षात आलं ते होडीवाल्यांच्या. आपल्याकडे कोळी, भोई, नदीकाठचे शेतकरी यांना प्रवाह बदललेला सगळ्यात आधी कळतो. त्यांच्या सांगण्याला नोंदवहीत एक रकाना असायला हवा. आज बहुतेक ठिकाणी तो नसतो.

शेवटी एवढंच. पुढच्या वेळी पुलावरून जाताना थांबून खाली पाहा. घाई असते, मागून हॉर्न वाजतात, कबूल आहे. पण सुट्टीत गावी गेलात की पात्रात उतरून तुमच्या नदीवरचा पूल खालून पाहा. विहिरीचा गोल भाग उघडा आहे का, दगड सरकलेत का. आणि ग्रामसभेत किंवा माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: मागच्या पावसाळ्यानंतर या पुलाच्या खांबाशी तळ किती खोल मोजला, आणि त्याच्या आदल्या वर्षी किती होता? उत्तरात दोन आकडे आले, तर समजायचं की कुणीतरी पुलाखाली पाहतं आहे. 'स्थिती समाधानकारक' एवढेच दोन शब्द आले, तर महाडची ती रात्र आठवायची आणि प्रश्न पुन्हा विचारायचा.

इथे थांबतो. तुमच्या गावच्या पुलांबद्दल कुणाला सांगायचं असेल तर आता सांगा, त्यातूनच पुढची चर्चा करू.